गोटीरामचा डबा

भात पिवळं पडायला लागलं की आमच्याकडचं आकाश बिघडतं. सकाळी स्वच्छ ऊन असतं, दुपारी घामाने जीव नकोसा होतो आणि तीन वाजले की माहुलीच्या डोंगरामागून काळं काहीतरी वर यायला लागतं. आषाढातला पाऊस बोलत नाही, नुसता पडत राहतो. हा परतीचा पाऊस आधी ओरडतो, मग पडतो. कधी कधी नुसताच ओरडतो. आसनगावातल्या माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसून मी तो ऐकतो. शेजारची माणसं वाळत घातलेले कपडे काढायला धावतात. मी आत टेलिफोनकडे बघतो. टेलिफोन आता घरात नाही. तो असायचा त्या स्टुलावर माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या असतात. तरीही बघतो. नोकरीत असताना आकाशात गडगडलं की पाठोपाठ घंटी वाजायची, आणि घंटी वाजली की कुणाचं तरी काहीतरी जळलेलं असायचं.

मी दूरध्वनी खात्यात होतो. नोकरीची शेवटची काही वर्षं मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या अलीकडच्या एका छोट्या एक्सचेंजचा प्रमुख होतो. प्रमुख म्हणजे मी, एक ऑपरेटर, दोन लाइनमन आणि रोजंदारीवरचा गोटीराम. एक्सचेंजची इमारत दोन खोल्यांची. एका खोलीत यंत्रं, दुसरीत बॅटऱ्या. बॅटरीच्या आम्लाचा वास आणि ओल्या भिंतीचा वास एकमेकांत मिसळून असा काही वास तयार व्हायचा की घरी गेल्यावर बायको म्हणायची, "आधी अंघोळ करा, मग बोला." ती गेली. तो वास मात्र अजून मला येतो, आणि तो नेमका याच दिवसांत येतो.

ही गोष्ट घडली त्या वर्षी आमच्या एक्सचेंजला ब्रॉडबँड आलं होतं. ज्यांच्या घरी फक्त फायबर आणि मोबाइल आले त्यांना हे सांगावं लागेल. तेव्हा इंटरनेट तांब्याच्या तारेवरून यायचं. टेलिफोनची जी दोन तारांची जोडी खांबांवरून घरात येते, तिच्यावरूनच. बोलणं खालच्या सुरात जायचं, इंटरनेट वरच्या, कानाला न ऐकू येणाऱ्या सुरात. घरात स्प्लिटर नावाची काड्यापेटीएवढी डबी दोघांना वेगळं करायची. एक वाट फोनला, एक मोडेमला. मोडेमवर एक दिवा असायचा. तो लुकलुकत असला म्हणजे घर एक्सचेंजला हाक मारतंय आणि स्थिर झाला म्हणजे ओ मिळाली. शाळेतले मास्तर, दवाखान्यातले डॉक्टर, ग्रामपंचायतीचे सरपंच त्या दिव्याकडे टक लावून बसायचे. "साहेब, तो अजून डोळे मिचकावतोय," असे फोन यायचे.

बोलण्याच्या तारेला थोडीफार ओल, थोडी खरखर चालून जाते. वरच्या सुराला काहीही चालत नाही. जुने जॉइंट, आत शिरलेलं पाणी, झाडाला घासून सोललेली तार, सगळं त्याला लागतं. पुस्तकात त्यासाठी मोठमोठी यंत्रं लिहिलेली होती. आमच्याकडे गोटीराम होता. तो खांबावर चढायचा, तारेला फोन लावायचा, डोळे मिटून खरखर ऐकायचा आणि सांगायचा, "सायेब, ह्यो तिसऱ्या खांबाचा जॉइंट नाय. नदीकडचा हाय. त्याच्यात पानी नाय, मुंग्या हायत." जॉइंट उघडला की मुंग्या निघायच्या. जंगलातल्या मधाच्या पोळ्याचं मेण आणून तो जॉइंटवर ओतायचा, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायचा. तसे जॉइंट पाऊसभर टिकायचे. खात्याने पाठवलेले महागडे जॉइंट श्रावणापर्यंत.

गोटीराम चाळिशीचा. किन्हवलीकडच्या एका पाड्यावरचा, घरची थोडी भातशेती. बारीक अंगाचा, पायात चप्पल कधी नाही. बारा-तेरा वर्षं रोजंदारीवर. दरवर्षी कुणीतरी सांगायचं, यंदा कायम होणार. त्याची बायको सुगंधा कधी डबा द्यायला आली की दारातूनच विचारायची, "सायेब, आमचा कागूद खाली आला का वो?" मी म्हणायचो, येईल वहिनी. गोटीराम तिच्यावर डाफरायचा, "तुला किती येळा सांगितला, सायबाला इचारू नको! कागूद काय सायेब घरी छापतात?" मग तिघंही हसायचो. मी त्याला चांगला वागवायचो. हे लिहायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यामुळेच घडलं. मी वाईट साहेब असतो तर कदाचित वाचला असता तो.

त्या ऑक्टोबरमध्ये मोडेम जळायला लागले. रोज चार वाजता गडगडायचं आणि साडेचारला तक्रारी. मोडेम उघडून पाहिला तर आत काळा डाग आणि जळक्या मासळीसारखा वास. लोक एक्सचेंजवर येऊन मोडेम टेबलावर आपटायचे. टोकावड्याच्या रस्त्यावरचा एक धाबेवाला तर दर दोन दिवसांनी यायचा. "साहेब, हा तिसरा. आता मी यात भजी तळू का?" नियमाप्रमाणे तारेवर आलेली वीज जमिनीत सोडणाऱ्या वीजरोधक नळ्या लावलेल्या होत्या, टेलिफोनचं अर्थिंग व्यवस्थित होतं. मी पुस्तक पुन्हा पुन्हा वाचत होतो. पुस्तकात सगळं बरोबर होतं आणि घरांमध्ये सगळं जळत होतं.

गोटीरामने पुस्तक वाचलं नव्हतं. तो जळलेल्या घरांमधून फिरला. कुठल्या घरचा जळला, कुठल्या घरचा नाही, एवढंच बघत फिरला. आठवड्याने येऊन माझ्या टेबलासमोर उभा राहिला.

"सायेब, ज्या घरात मोडेमचा पलग काढलेला व्हता ना, त्या घरातला येक बी जळला नाय."

"मग?"

"मंग आपली तार येकटी नाय जाळत. आपली तार आन् लाइटीची तार, दोगी मिळून जाळतात."

मी हसलो असेन. त्याने माझ्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला, थोडं पाणी टेबलावर ओतलं आणि बोटाने रेघ मारली.

"ह्या बघा दोन खाचरा. मधी बांध. पाऊस पडला, येक खाचर भरला, दुसरा खाली ऱ्हायला. काय व्हईल? बांध फुटंल. पानी वरून खाली धावंल आन् बांध घेऊन जाईल. मोडेम म्हंजे त्यो बांध. येका बाजूला आपली जमीन, दुसऱ्या बाजूला लाइटीची जमीन. वीज पडली की येक जमीन वर जाती, दुसरी खालीच ऱ्हाती. मधला बांध फुटतो."

"आणि उपाय?"

"दोनी खाचरा येका पातळीत आना. पानी येणारच सायेब, त्येला कोन आडवनार. पन दोनीकडं सारखा चढला तर बांधाला काय व्हत नाय."

मी पदविकाधारक अभियंता. घरात दोन अर्थिंग एका ठिकाणी बांधावीत हे मोठ्या देशांतल्या मोठ्या पुस्तकांत लिहिलेलं आहे हे मला फार पुढे कळलं. त्या दिवशी माझ्या टेबलावर ते सांडलेल्या पाण्यात होतं.

त्याने डबा बनवला. घरातला स्विचबोर्डचा साधा प्लास्टिकचा डबा. जुन्या, मोडीत काढलेल्या रॅकमधून बोटाच्या पेराएवढ्या वीजरोधक नळ्या काढल्या. टेलिफोनची तार या डब्यातून जायची, आणि मोडेमचा लाइटीचा प्लगही याच डब्यातून जायचा. दोघांच्या नळ्या एका पितळी पट्टीवर येऊन मिळायच्या, आणि त्या पट्टीपासून एक जाड हिरवी तार घराच्या अर्थिंगला. सगळा शोध त्या हिरव्या तारेत होता. बाकीचं सामान कुणीही लावलं असतं. वरच्या सुराला धक्का लागू नये म्हणून नळ्या कुठल्या घ्यायच्या तेही त्याने एकेक लावून, दिवा स्थिर राहतो की नाही ते बघून ठरवलं होतं. जिथे मोडेम जळत होते अशा पाच-सात घरांत त्याने डबे लावले. धाबेवाल्याकडे पहिला. पंधरा दिवस रोज गडगडलं. एकही मोडेम जळला नाही. धाबेवाल्याने आम्हाला बोलावून मिसळ खाऊ घातली आणि गोटीरामला म्हणाला, "तुझ्या डब्याची पूजा करतो यंदा दसऱ्याला, विळ्याकोयत्यांबरोबर." त्याने खरंच केली. हळद-कुंकू लागलेला तो डबा मी पाहिला आहे.

त्या दिवसांत माझं मन किती हलकं होतं. संध्याकाळी आभाळ फाटायचं, डोंगरापाशी वीज एकदम पांढरी उभी राहायची आणि आम्ही दोघं एक्सचेंजच्या पायरीवर बसून घंटीची वाट बघायचो. घंटी वाजायची नाही. भिजलेल्या भाताचा गोड वास यायचा. गोटीराम म्हणायचा, "सायेब, आज बी बांध टिकला." आयुष्यात मी ज्यात काही केलेलं नव्हतं, तरी ज्याचा आनंद पूर्ण माझाही होता, असे तेवढेच पंधरा दिवस.

मग वरच्या कार्यालयातून पत्र आलं. कर्मचाऱ्यांनी लावलेले नवे शोध कळवा. योग्य शोधांसाठी पेटंटचा अर्ज खातं करील. सोबत एक नमुना. त्यात एक रकाना होता, शोधकर्त्याचं नाव.

मी माझं लिहिलं.

स्वतःला सांगितलं, रोजंदारीवरच्या माणसाचं नाव असेल तर पहिल्याच टेबलावर कागद परत येईल. एकदा डबा मंजूर झाला की त्याच्यासाठी शब्द टाकता येईल. हे सगळं खोटं होतं असंही नाही. पण नाव लिहिताना माझा हात जरासुद्धा अडखळला नव्हता.

त्याहून वाईट पुढे आहे. चित्र काढताना मी पुस्तक उघडलं. पुस्तकात ठळक लिहिलेलं, टेलिफोनचं अर्थिंग आणि विजेचं अर्थिंग एकमेकांपासून दूर ठेवावं. हिरवी तार दाखवली तर वरचे हसतील, माझं शिक्षण काढतील, असं मला वाटलं. मी हिरवी तार खोडली. जमिनीत ठोकायचे दोन वेगळे अर्थरॉड दाखवले, दहा फुटांच्या अंतरावर. पुस्तकात शोभेल असं सुबक चित्र झालं. आणि जवळच्या एका शाळेच्या संगणक खोलीत दिवाळीआधी डबा बसवायचा होता, तो मी या चित्राप्रमाणे बसवायला सांगितला, म्हणजे वरचे पाहणीला आले तर चित्र आणि डबा सारखे दिसतील.

गोटीराम डबा हातात धरून उभा राहिला. "सायेब, हिरवी तार काढली त मंग डब्यात ऱ्हायला काय?"

"पुस्तकात आहे तसं करायचं. वर पाठवायचं आहे."

"आन् खाचरा?"

"गोटीराम, सांगितलं तेवढं कर."

ती तार मी स्वतः माझ्या हाताने डब्यातून काढली आणि टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकली. तो डबा घेऊन सायकलवर गेला.

चौथ्या दिवशी दुपारी शाळेजवळच्या आंब्यावर वीज पडली. संगणक खोलीत मुलं नव्हती, एवढीच त्या दिवसाची दया. शाळेतली मदतनीस मंजुळाबाई खिडक्या लावायला आत गेली होती. लोखंडी टेबलावर तिचा उजवा हात होता. डब्याच्या बाजूने आग उसळली. ती वाचली, पण त्या हाताची बोटं तिला पुन्हा सरळ करता आली नाहीत. मंजुळाबाई गोटीरामच्याच पाड्यावरची, त्याच्या घरापासून चार घरं पलीकडे.

चौकशीला बाहेरून एक अधिकारी आले. शिकलेला, शांत माणूस. त्यांनी जळका डबा उघडून बघितला, धाब्यावरचा चांगला डबाही मागवून बघितला, आणि त्यांना दहा मिनिटांत कळलं. म्हणाले, "इथे एक हिरवी तार आहे, तिथे नाही. ती असती तर हे झालं नसतं. का नाही?"

माझं चित्र तेव्हा दुसऱ्या कार्यालयात, दुसऱ्या फायलीत होतं. त्या दोन फायली कधीच एकमेकींना भेटल्या नाहीत. मला एवढंच म्हणायचं होतं, ती तार मी काढली. चार शब्द. मी म्हणालो, "राहिली असेल. रोजंदारीवरचा माणूस आहे. विसरला असेल."

त्यांनी त्याला आत बोलावलं. तो दाराशी उभा राहिला, नेहमीसारखा अनवाणी. मी विचारलं, अधिकाऱ्यांनी नाही, मी विचारलं, "गोटीराम, तार लावायला विसरलास ना?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मग तो म्हणाला, "व्हय सायेब. इसरलो."

तो मला वाचवतोय असं मला वाटलं. आणि त्याला वाटत असणार की साहेब असं म्हणतात म्हणजे त्यात काही युक्ती असेल, साहेब बघून घेतील. मी काही बघितलं नाही. त्याचं नाव हजेरीवरून कमी झालं. कायम होणाऱ्यांच्या यादीत ते होतं, तिथूनही गेलं. यादी आठ महिन्यांनी आली. पाड्यावर मंजुळाबाईच्या हाताचा ठपका त्याच्यावरच राहिला. त्यानंतरच्या वर्षी मला प्रमाणपत्र मिळालं, आणि त्या चित्रासाठी, हिरवी तार नसलेल्या त्या निकामी चित्रासाठी, खात्याने माझ्या नावाने पेटंटचा अर्ज केला. खरा डबा कुठल्याच कागदावर नाही. म्हणून इथे लिहितो. तो शोध गोटीरामचा होता. तार मी काढली होती. तो विसरला नव्हता.

हे लिहायला मला पंधरा वर्षं लागली. मधल्या काळात मी त्याच्याकडे एकदाही गेलो नाही. निवृत्तीच्या समारंभात त्याला बोलवायचं सुचवलं गेलं तेव्हा मीच म्हणालो, कशाला त्याला इतक्या लांब. या वर्षी दसऱ्याच्या सुमारास एक्सचेंजमधून एका तरुण मुलीचा, तिथल्या नव्या अधिकारी बाईचा, फोन आला. "सर, एक्सचेंज बंद होतंय. तांब्याच्या केबल काढून मोडीत देतोय. भिंतीवर तुमचं एक सर्टिफिकेट आहे, फ्रेम केलेलं. टाकून देऊ की नेता?"

मी गेलो. रस्त्याकडेला चर खणले होते. माणसं जमिनीतून केबल ओढून काढत होती आणि वरचं काळं आवरण सोलून तांबं वेगळं करत होती. काही जागी सोललेल्या तारेवर मेणाचे पिवळे गोळे होते. त्यातला एक जण म्हणत होता, "कोनी लावलाय रे ह्यो चिकट? हाताला सोडत नाय." मी प्रमाणपत्र घेतलं नाही. पुढच्या आठवड्यात किन्हवलीच्या एस.टी.त बसलो.

पाड्यावर गोटीरामचं घर तेच, वर पत्रे नवे. सुगंधा अंगणात उडीद पाखडत होती. केस पांढरे झालेले. तिने मला ओळखायला वेळ घेतला, आणि ओळखल्यावर सूप खाली ठेवायला आणखी वेळ.

"सायेब? आवो, किती म्हातारं झालात तुमी!"

"तुम्हीसुद्धा, वहिनी."

"मी कुटं? मी व्हतेच म्हातारी." तिने पाणी आणलं. मग सांगितलं, "ते नाय घरी. मंजुळाच्या शेतात गेल्यात. दसरा झाला की आधी तिचा भात, मंग आमचा."

आमच्याकडे सावड असते. आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या. सुगंधा म्हणाली, ही सावड नव्हे. मंजुळाच्या घरून तो कुणालाच उलट येऊ देत नाही. पंधरा वर्षं लावणीला आणि कापणीला तो तिच्या शेतात आधी जातो. आमचा भात कधी कधी पावसात सापडतो, ती म्हणाली, पण तिचा नाही. "मी बोलून बोलून थकले. ते बोलतात, तिच्या हाताला इळा धरवत नाय तो माझ्यापायी."

मी तिला सांगितलं नाही. आधी त्याला सांगायचं होतं.

शेत ओढ्यापलीकडे. तीन वाजून गेले होते आणि डोंगरामागून ते काळं वर येत होतं. गोटीराम एकटा कापत होता, वाकून, भराभर. मी बांधावर उभा राहिलो तेव्हा त्याने मान वर केली आणि त्याचा चेहरा इतका उजळला की मला परत जावंसं वाटलं.

"सायेब! बसा, बसा. बांधाव बसा. मी हात नाय थांबवत, पानी येतंय. बोला तुमी. पोरं कशी हायत?"

मी पोरांचं काही सांगितलं नाही. म्हणालो, "गोटीराम, शाळेतल्या डब्याचं सांगायला आलोय. हिरवी तार मी काढली होती. तू विसरला नव्हतास."

विळा थांबला नाही. "नाय सायेब. इसरलोच मी."

"तू मला विचारलं होतंस. तार काढली तर डब्यात राहिलं काय, असं. खाचरांचं म्हणाला होतास. आठवत नाही?"

"मी तुमाला असा कसा इचारीन?" तो हसला. "तुमी सायेब. तुमीच त सांगितला व्हतात तार लावाया. शाळेत गेलो, डबा उघडला. तार पिशवीत व्हती, निळ्या पिशवीत. पिशवी खिडकीत ठेवली. मास्तरानी चाय आनली. चाय प्यालो आन् इसरलो. ती पिशवी अजून डोळ्यापुढं हाय माझ्या. रोज दिसती."

पिशवी नव्हतीच. तार माझ्या ड्रॉवरमध्ये होती. पण त्याच्या तोंडून मी पिशवीचा रंग ऐकला, चहा ऐकला, खिडकी ऐकली. एवढी वर्षं मी समजत होतो की त्याला सगळं माहीत आहे, तो मनात मला शिव्या देत असेल, आणि त्या शिव्या मला पुरेशा आहेत. त्याने मला शिव्या कधी दिल्याच नव्हत्या. मी त्या खोलीत एक वाक्य बोललो होतो, आणि त्याने ते खरं मानून त्याच्याभोवती दुपार उभी केली होती, चहासकट.

"अरे, मी खोटं बोललो. माझं नाव राहावं म्हणून. तुझं म्हणणं बरोबर होतं, तुझा डबा बरोबर होता."

तो सरळ झाला, कमरेवर हात ठेवून. "सायेब, तुमी मोठ्या मनाचे. मला ठाव हाय तुमी कशाला आलात. वय झाला की मानूस दुसऱ्याचा भार आपल्याव घेतो. माझा बाप बी तसाच करायचा. नका मनाला लावून घेऊ."

आणि पुन्हा वाकला.

तेवढ्यात मंजुळाबाई आली. डाव्या हातात चहाची किटली, उजवा हात पदराखाली. गोटीराम लगबगीने म्हणाला, "बघ गो, कोन आलाय. ह्ये आमचे सायेब. तो डबा यांनीच शोधून काढलेला. चांगला व्हता डबा."

मग मी तिला सांगितलं. उभं राहून, एकेक शब्द करून. तार कुणी काढली, का काढली, चौकशीत काय बोललो, नाव कुणाचं लागलं. गोटीराम मध्येच म्हणत होता, "आयकू नको गो, सायेब उगाच…" पण ती ऐकत होती. तिने किटली बांधावर ठेवली. पहिला गडगडाट झाला, लांबचा.

"तार तुमी काढली," ती म्हणाली.

"हो."

"ह्यानी नाय."

"नाही."

ती माझ्याकडे बघून काही म्हणेल असं मला वाटलं. त्याचीच मी तयारी करून आलो होतो. तिने बघितलंच नाही. ती कापलेल्या भाताकडे बघत होती, ओळीने पसरलेल्या पेंढ्यांकडे, आणि मग त्याच्या वाकलेल्या पाठीकडे.

"गोटीराम, ठेव तो इळा."

"काय गो?"

"ठेव. उद्यापून येऊ नको. मी मानसा लावीन. तुजा तुजा भात काप जा. पंदरा वरसां माज्या शेतात राबलास, काय गरज नव्हती."

"असा नको बोलू. अजून आर्धा शेत बाकी हाय. पानी येतंय."

"येऊ दे पानी. नको बोलली ना."

ती किटली तिथेच ठेवून निघून गेली. चालताना तिने पदर तोंडाशी धरला होता. वारा सुटला. उभं भात सगळं एका अंगाला झुकलं.

गोटीरामने विळा ठेवला नाही. तो तसाच उभा राहिला आणि हळूहळू माझ्याकडे वळला. आता तरी त्याला पटलं असेल, तो चिडेल, मला बोलेल, म्हणून मी थांबलो. तो चिडला नाही. सगळं घर सामानासकट हलवून झाल्यावर रिकाम्या खोलीत माणूस उभा राहतो, तसा त्याचा चेहरा झाला होता.

"दसरा झाला की कुटं जायाचा, त्ये मला ठाव व्हता सायेब," तो म्हणाला. "आता मी कुटं जाऊ?"